पडद्यावाचून अडले

काम न करण्यास सबब शोधून काढण्याच्या विद्येत मनुष्यप्राण्याच्या तोडीचा दुसरा प्राणी या भूतलावर नाही, आणि मनुष्यांतही पुन्हा कचेरीत बसून सबब सांगणाऱ्याची सर अन्य कोणासही येत नाही, असे माझे आयुष्यभराच्या चाकरीने पक्के झालेले मत होते. साहेब दौऱ्यावर आहेत, शिक्का कपाटात आहे, कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे आणि शिपाई मेहुण्याच्या लग्नाला गेला आहे, ही चार पदरी सबब मी ऐकली आहे आणि तितक्याच गांभीर्याने इतरांस ऐकवलीही आहे. परंतु “हिशोब मला येतो, आकडे माझ्यापुढे आहेत, काम करावयास मी सर्वस्वी सिद्ध आहे, तथापि केलेले काम ज्यावर दिसेल असा पडदा या जागी नसल्यामुळे मी कामास आरंभ करण्यापूर्वीच प्राण सोडीत आहे,” अशी कैफियत देणारा इसम मला सेवानिवृत्तीनंतर भेटला, आणि तो इसम नसून संगणकाचा एक प्रोग्रॅम होता.

आमचे जळकोट धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्ग ओलांडून पुढे उमरग्याच्या वाटेला लागले की येते. लातूर जिल्ह्यात दुसरे एक जळकोट आहे आणि ते तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे परगावची माणसे आधी त्याचेच नाव घेतात, हे आमचे जुने शल्य आहे. त्याचा उपद्रव पुढे येणारच आहे. आमच्या गावात दोन गोष्टींची ददात नाही: महामार्गावरून धावणाऱ्या वाहनांची आणि पावसाविषयीच्या मतांची. प्रत्यक्ष पाऊस मात्र या बाजूस मोजूनमापूनच येतो, आणि महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तरच त्यास अतिवृष्टी म्हणावयाचे असा सरकारी दंडक असल्यामुळे, ६४ आणि ६६ या दोन आकड्यांमध्ये येथे एखाद्या कुटुंबाचे सबंध वर्ष मावते. साहजिकच पावसाचे आकडे लिहून ठेवणारे एक शेतकरी मित्रांचे मंडळ गावात निघाले, त्यास अध्यक्ष मिळाले, उपाध्यक्ष मिळाले, आणि लिहिण्याचे प्रत्यक्ष काम ज्याच्या गळ्यात मारावयाचे तो चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली.

माझा भाचा पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहे. सुट्टीत आला असता मामाची वही पाहून त्याचे हृदय द्रवले आणि त्याने एक प्रोग्रॅम रचून दिला. लॅपटॉपवर एक सुबक खिडकी उघडावी, तिच्या माथ्यावर मंडळाचे नाव असावे, खाली एक हिरवे बटण असावे, बटणावर ‘आलेख काढा’ असे लिहिलेले असावे आणि ते दाबताच यंदाच्या व गतवर्षीच्या पावसाच्या दोन रेषा शेजारी शेजारी उमटाव्यात, असा तो प्रकार होता. बटण दाबण्याचा मान अर्थातच अध्यक्षांचा. ते रोज सकाळी आठाच्या सुमारास धुवट टोपी घालून येत, खुर्चीवर बसत, चार माणसे गोळा होईपर्यंत थांबत आणि मग ज्या गांभीर्याने कोनशिला बसवतात त्या गांभीर्याने उजव्या हाताची तर्जनी बटणावर टेकवीत. पाऊस पडलेला नसला तरी हा विधी चुकत नसे.

सुखाने चाललेल्या कारभारात सुधारणा सुचवणारा एक गृहस्थ प्रत्येक सभेत असतो, तसा आमच्याही सभेत निघाला. आलेख पहाटे सहालाच आपोआप तयार होऊन सर्वांच्या मोबाइलवर का येऊ नये, असे त्याने विचारले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. भाच्याने दूरच्या कोणत्याशा शहरात दरमहा भाड्याने एक सर्व्हर घेतला आणि तो अहोरात्र जागा असतो, त्यास जेवणखाण लागत नाही, असे त्याचे गुणवर्णन करून प्रोग्रॅम तेथे रवाना केला. दुसऱ्या दिवशी पहाटे मोबाइल घेऊन मी ओसरीवर बसलो. आलेख आला नाही. भाच्याला फोन लावला.

“मामा, तो डिस्प्ले नाही म्हणतोय.”

“कोण म्हणतो?”

“प्रोग्रॅम. डिस्प्लेचं नाव दिलेलं नाही आणि डिस्प्ले नावाचं चलही कुठं ठरवलेलं नाही, एवढं एक वाक्य बोलून बंद पडलाय.”

“अरे, पण त्याला फक्त एक चित्र काढून फाइलमध्ये ठेवायचं आहे ना? पडदा कशाला हवा?”

“त्याला खिडकी उघडायची सवय आहे, मामा. खिडकी उघडल्याशिवाय तो बेरीजसुद्धा करत नाही.”

हा संवाद ऐकत असलेले आमचे शेजारी, ज्यांच्या वयास मान देऊन त्यांना सारा गाव आबा म्हणतो, तंबाखू मळता मळता म्हणाले, “त्याचं काय चुकलं गुरुजी? बघायला कुनीच न्हाई, तर चित्र काढून उपेग काय?” मी गुरुजी कधीच नव्हतो, परंतु चष्मा लावणाऱ्या माणसास या गावी दुसरी पदवी नाही.

या दुराग्रहाचे मूळ शोधताना भाच्याने मला जी हकिगत सांगितली ती मनोरंजक होती. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९८४ साली बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस या दोघांनी पडद्यावर खिडक्या काढणारी एक व्यवस्था सुरू केली. तिच्या आधीच्या व्यवस्थेचे नाव ‘डब्ल्यू’ होते, म्हणून हिचे नाव ‘एक्स’ ठेवण्यात आले. बारशासाठी इतके थोडे श्रम घेतल्याचे उदाहरण विरळा. १९८७ साली हिची अकरावी आवृत्ती निघाली, आणि ती आजही अकरावीच आहे. अकरावीत बसून चाळिशीकडे झुकलेला हा विद्यार्थी शाळेतून काढून टाकण्याची भाषा अधूनमधून होते, परंतु जगातील असंख्य लिनक्स यंत्रांचा भार त्याच्याच खांद्यावर असल्यामुळे ते कोणास साधत नाही.

या एक्सची मूळ कल्पना अशी की प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर उघडावी. आबांना हे समजेना तेव्हा मला अणदूर-नळदुर्गाच्या खंडोबाचे स्मरण झाले. मूर्ती एक, देवळे दोन. वर्षातले सुमारे सव्वादहा महिने देवाचा मुक्काम अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देव न्यावयाचा कधी आणि परत आणावयाचा कधी याचा दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो, त्यामुळे आज दर्शन कोठे आहे हे पंचक्रोशीत कोणास विचारावे लागत नाही. एक्सचेही असेच आहे, प्रोग्रॅम आणि पडदा यांच्यातही एक सविस्तर करारनामा असतो, असे मी सांगताच आबा तत्काळ म्हणाले, “म्हंजे ह्या येड्याला दर्शन कंच्या गावाला ते कुनी सांगितलंच न्हाई.” डिस्प्ले नावाच्या त्या चलाची इतकी नेमकी व्याख्या मला पुढेही कोठे आढळली नाही.

मग उपाययोजनेचे पर्व सुरू झाले. प्रथम भाच्याने चलात शून्य क्रमांकाच्या पडद्याचा पत्ता लिहून दिला. प्रोग्रॅम त्या पत्त्यावर गेला, दार ठोठावले, आत कोणी नाही असे पाहून परत आला आणि आता दुसऱ्या वाक्याने बंद पडला. ही प्रगती आहे, असे भाचा म्हणाला. संगणकाच्या धंद्यात चूक बदलली की तिला प्रगती म्हणतात. आमच्या कचेरीत तिला बदली म्हणत.

दुसरा उपाय उदात्त होता. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमची खिडकी, तो करारनामा बजावून, थेट जळकोटातल्या लॅपटॉपवर उघडावयाची. आम्ही सारे जमलो. प्रथम खिडकीची चौकट आली. मी चहा टाकण्यास सांगितले. चहा आला तेव्हा मंडळाचे नाव अर्धे उमटले होते. कपबशा परत गेल्या तेव्हा बटण हिरवे झाले, आणि अध्यक्षांनी तर्जनी उचलताच गावची वीज गेली. लॅपटॉपास स्वतःची बॅटरी असल्यामुळे तो जिवंत राहिला, परंतु इंटरनेटचा डबा मालवला, पडद्याशी असलेला संबंध तुटला आणि त्या संबंधाबरोबर दूरच्या शहरातला प्रोग्रॅमही जागच्या जागी गतप्राण झाला. सती जाण्याची चाल कायद्याने बंद होऊन जवळजवळ दोनशे वर्षे लोटली, परंतु त्या कायद्याची प्रत एमआयटीपर्यंत पोहोचली नसावी.

याच सुमारास उपाध्यक्षांनी कोठूनसे ऐकले की, ज्यांच्या यंत्रांना पडदा नसतो ती माणसे बाजारातून अंगठ्याएवढी एक खुंटी आणून यंत्राच्या मागच्या खाचेत बसवतात आणि ती खुंटी यंत्राला “मीच पडदा” असे सांगते. ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. अशा खुंट्या विकत मिळतात. परंतु आमचा सर्व्हर भाड्याचा, त्यातही एका मोठ्या यंत्राच्या पोटात आखून दिलेला एक हिस्सा. त्यास खाच कोठली आणि खुंटी कोठे बसवणार? तेव्हा अध्यक्षांनी औदार्य दाखवले. “माझ्याकडं जुना टीव्ही आहे,” ते म्हणाले, “तो तिथं पाठवून देऊ. फक्त खाली देणगीदार म्हणून नावाची पट्टी लावायला सांगा.” त्या पडद्यासमोर कोणीही मनुष्य कधीही येणार नाही, हे मी त्यांना नम्रपणे निवेदन केले. “नसू दे,” ते म्हणाले, “पट्टी असली म्हणजे झालं.”

अखेर भाच्याने खरे औषध काढले. एक्सव्हीएफबी या नावाचा, उच्चारताना दात सांभाळावे लागतात असा, एक पडदा मिळतो, तो पडदाच नव्हे. यंत्राच्या स्मरणात थोडी जागा राखून ठेवून तो प्रोग्रॅमला सांगतो की, हा घे पडदा, याचा क्रमांक ९९, इतका रुंद, इतका उंच, काढ तुझी खिडकी. प्रोग्रॅम खिडकी काढतो, बटण हिरवे रंगवतो, रेषा ओढतो, आणि हे सारे रतीभरही उजेडात न येता यथासांग पार पडते. मला हे चटकन उमगले, कारण सहकारी संस्थांच्या सभांच्या नोटिसा लिहिण्यात माझा हात बसलेला आहे. “गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही,” हे वाक्य महाराष्ट्रात ज्याने लिहिले त्याने एक्सव्हीएफबीचे तत्त्व जाणले होते. रिकाम्या खुर्च्यांसमोर अहवाल वाचला जातो, ताळेबंद मंजूर होतो, आभार मानले जातात आणि कोठेही काही बंद पडत नाही.

आता आलेख येणार म्हणून मी पुन्हा ओसरीवर बसलो. आलेख आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. या खेपेस प्रोग्रॅमची काही तक्रारही नव्हती. तो चालू होता, आणि हीच खरी भानगड होती. सर्व्हरची पाहणी केली तेव्हा दिसून आले की, ९९ क्रमांकाच्या पडद्यावर कालपरवाचा प्रोग्रॅम उभा आहे, शंभराव्यावर त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, एकशे एकाव्यावर तिसऱ्या दिवशीचा. रोज पहाटे सहाला एक नवा प्रोग्रॅम कामावर रुजू होत होता आणि कोणीही घरी जात नव्हता. सर्व्हरची स्मरणशक्ती भरत आली आणि भाडे घेणाऱ्यांकडून समज देणारी नोटीस आली. तेव्हा भाच्याने त्या अदृश्य पडद्याचे एक छायाचित्र काढून मागवले. संपूर्ण काळ्या पटावर मधोमध एक लहानशी चौकट होती. चौकटीत एका ओळीत दहाबारा पोकळ चौकोन होते, आणि खाली दोन बटणे होती: एकावर तीन चौकोन, दुसऱ्यावर चार.

“हे काय रे?”

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, तुम्हीच सांगितलं होतं, विचारल्याशिवाय काही जतन करायचं नाही. म्हणून तो विचारतोय, आलेख जतन करू का? होय किंवा नाही.”

“कोणाला विचारतोय?”

“तिथं जो असेल त्याला.”

“आणि हे चौकोन?”

“सर्व्हरवर देवनागरी फाँट नाही.”

म्हणजे असे की, एका दूरच्या शहरात, नसलेल्या पडद्यावर, कोणासही वाचता न येणाऱ्या लिपीत, आमचा प्रोग्रॅम अदबीने परवानगी मागत होता, उत्तर मिळेपर्यंत जागचा हलणार नव्हता, आणि त्याच्यामागे त्याचे भाऊबंद रांग धरून तोच प्रश्न विचारीत होते. सरकारदरबारी अर्ज केलेल्या कोणाही मनुष्यास ही अवस्था नवी वाटणार नाही; नवीन इतकेच की, येथे अर्जदार आणि कचेरी एकाच यंत्रात राहत होते.

त्या विचारण्याला चाट दिली, देवनागरी फाँट बसवला, आणि अखेर एके पहाटे आलेख आला. चौकोनांच्या जागी अक्षरे होती. परंतु अक्षरे जुळवण्याची रीत त्या आलेख काढणाऱ्यास ठाऊक नसल्यामुळे ‘मिलिमीटर’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांट्या आपापल्या अक्षरांच्या पुढे जाण्याऐवजी मागे जाऊन उभ्या होत्या आणि ‘सप्टेंबर’मधील जोडाक्षराचा काडीमोड झाला होता. तरीही आनंदीआनंद झाला असता, पण आबांनी आलेख डोळ्यांजवळ नेऊन विचारले, “गुरुजी, काल रातच्याला चाळीस मिलिमीटर पडला म्हनतंय ह्यो. माझ्या अंगनात तर धुरळा उडतोय.” चौकशीअंती उघड झाले की, हाताने आकडे भरण्याचा माझा त्रास वाचावा म्हणून भाच्याने आकडे परस्पर मागवण्याची तजवीज केली होती, आणि ते निमूटपणे लातूर जिल्ह्यातील जळकोटाचे येत होते. आपल्या वाट्याचा मान त्यांनी नेला होताच. आता पाऊसही नेला.

या सर्व काळात मी प्रोग्रॅमवर चिडलो होतो, पण चिडण्याची उमेद हळूहळू ओसरत गेली, कारण जिकडे पाहावे तिकडे मला त्याचेच सोयरे दिसू लागले. महामार्गावर पहाटे फिरावयास जाणारे आमचे एक स्नेही वाहनांची वर्दळ असली की हात झोकून चालतात आणि रस्ता मोकळा झाला की पुलाच्या कठड्यावर बसून घेतात. दरवर्षी त्याच खड्ड्यात रोप लावताना सात जण रोपाला हात लावतात आणि सातही जण रोपाकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहतात. छायाचित्रकारास उशीर झाला तर रोपही थांबते. वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुक म्हणून ज्यांची नावे छापलेली असतात ते फलक लागल्यावर तेथे जाऊन आपले नाव शोधतात, सापडले की परत येतात; वाढदिवस कोणाचा हे वाचण्याइतकी उसंत त्यांस नसते. आणि मी स्वतः रोज रात्री जी खासगी दैनंदिनी लिहितो, ती खासगी असूनही तिच्यात मी इतका सहनशील, निःस्पृह आणि दूरदर्शी कसा दिसतो, याचा उलगडा मला या प्रोग्रॅमच्या सहवासातच झाला. आम्हांपैकी कोणासही वास्तविक प्रेक्षक लागत नाही. कोठेतरी पडदा टांगलेला आहे, एवढा भरवसा पुरतो.

याला अपवाद शोधावयाचा तर माणसांत शोधू नये. नळदुर्गाच्या किल्ल्यात आदिलशाही कारागिरांनी बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला, आणि पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे त्या महालाच्या दोन्ही अंगांनी कोसळतात. रविवारी ते पाहण्यास सोलापुरापासून माणसे लोटतात. परंतु मंगळवारी मध्यरात्री दार बंद असताना नदीला पूर आला, तरी ती डिस्प्ले कोठे आहे असे न विचारता कोसळते. हे मी आबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तिला पगार न्हाई ना, म्हनून.”

शेवटी जो इलाज लागू पडला तो इतका क्षुद्र होता की त्यावर कोणासही भाषण करता येईना. प्रोग्रॅमच्या पदरी आलेख काढणारी जी मंडळी होती तिच्यात ‘ॲग’ नावाचा एक मितभाषी कारागीर पहिल्यापासूनच बसलेला होता. त्यास खिडकी लागत नाही, पडदा लागत नाही, तो आकडे घेतो आणि सरळ फाइलमध्ये चित्र उतरवून मोकळा होतो. त्याच्या नावाची एक ओळ प्रोग्रॅमच्या आरंभी लिहावी आणि खिडकीचा सारा संसार काढून टाकावा, एवढेच करावयाचे होते. भाच्याने ते केले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, आमच्याच जळकोटच्या पावसाचा आलेख सर्वांच्या मोबाइलवर हजर झाला. मंडळात आनंदाचे भरते येईल अशी माझी कल्पना होती. आठ वाजता धुवट टोपी घालून अध्यक्ष आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “बटण कुठं आहे?”

बटण काढून टाकले आहे, त्याची आता गरज नाही, हे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रकृती बरी नव्हती. तिसऱ्या दिवशी राजीनाम्याची भाषा कानांवर आली. गोळा होणारी चार माणसेही पांगली. आलेख मोबाइलवर येतो खरा, पण तो उघडून कोणी पाहीना. मी भाच्याला फोन केला.

“बटण परत बसवता येईल का?”

“येईल की. पण मामा, ते दाबून काहीच होणार नाही. आलेख सहालाच झालेला असतो.”

“काही होऊ नये हेच उत्तम. फक्त दाबल्यावर थोडं थांबल्यासारखं करू दे.”

आता लॅपटॉपवर ती खिडकी पूर्ववत उघडते. बटण हिरवे आहे. अध्यक्ष आठाला येतात, चार माणसे जमेपर्यंत थांबतात आणि तर्जनी टेकवतात. एक वाळूचे घड्याळ काही क्षण फिरते आणि पहाटे सहाचा आलेख ताजा म्हणून पडद्यावर येतो. “आज जरा जड चाललं,” ते कधी म्हणतात, तर कधी, “आज बघा, कसं हलकं आलं!” मंडळाचा कारभार सुरळीत आहे. मात्र उपाध्यक्षांनी आपल्यासाठीही एक बटण असावे असा लेखी अर्ज दिला असून तो पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यात आला आहे. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल, आणि सूचक म्हणून माझे नाव ठळक अक्षरांत छापले जाईल असे आश्वासन मी घेऊन ठेवले आहे.